ओठ न हलवणारी तीन मुलं

शिक्षकांच्या प्रशिक्षणात माझा एक तास असतो, 'शाळा आणि कायदा' नावाचा. वेळ जेवणानंतरची, त्यामुळे निम्म्या वर्गाचे डोळे मिटत आलेले. त्यांना जागं करायला मी एकच प्रश्न विचारतो: सकाळी परिपाठाला राष्ट्रगीत चालू असताना तुमची नजर कुठे असते?

उत्तरं खरी येतात. कुणी म्हणतं, चौथीच्या रांगेवर, तिथे ढकलाढकली असते. कुणी म्हणतं, गेटवर. उशिरा आलेली पोरं गेटबाहेरच सावधानमध्ये उभी राहतात आणि शेवटचं 'जय हे' संपलं की दप्तरं सावरत आत पळतात. एक बाई म्हणाल्या, "खरं सांगू का सर? माझी नजर जमिनीवर असते. वर बघितलं तर हसू येतं." त्यांच्या शाळेत सुरुवात करून देणारी मुलगी रोज सूर इतका वर लावते, की शेवटच्या ओळीला सगळ्या मैदानाचा आवाज फाटतो. मुलगे खालच्या पट्टीत घसरतात, मुली वर अडकतात आणि पहिलीची पोरं सरळ ओरडतात. "हसू आलं म्हणजे अपमान झाला का हो?" हेही बाईंनी विचारून घेतलं.

नाही झाला. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्यात कलम ३ आहे. राष्ट्रगीताचं गायन जाणूनबुजून अडवणं आणि ते गाणाऱ्या जमावात व्यत्यय आणणं, एवढ्याच दोन गोष्टी त्यात गुन्हा आहेत; शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गालातल्या गालात आलेलं हसू त्यात बसत नाही. गप्प राहणंही बसत नाही. पण ही दुसरी गोष्ट कळायला १९८६ साल उजाडावं लागलं, आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन कळलं.

'मी मुलांच्या तोंडाकडे बघतो' हे उत्तर मला फार थोड्या शिक्षकांनी दिलं आहे. हे प्रकरण मात्र तिथूनच सुरू होतं.

काय घडलं

केरळच्या कोट्टायम जिल्ह्यात किडंगूर नावाचं गाव आहे. तिथल्या एका हायस्कुलात एकाच घरातली तीन भावंडं शिकत होती: थोरला दहावीत, मधली नववीत, धाकटी पाचवीत. घर 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाचं. हा पंथ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत उभा राहिला. उपासना फक्त यहोवाची. झेंडा, राजा, राष्ट्र यांच्यासाठी होणाऱ्या कुठल्याही विधीत सामील व्हायचं नाही, असं ही मंडळी मानतात. सैन्यात जात नाहीत, राजकारणापासून लांब राहतात. कर भरतात, कायदा पाळतात, आणि दारोदार फिरून आपल्या धर्माचा प्रचार करतात. मुंबई-पुण्यात पुस्तिका घेऊन दार वाजवणारी नीटनेटकी जोडपी काही वाचकांना आठवतील.

ही तीन मुलं रोज परिपाठाला यायची. जन गण मन सुरू झालं की ताठ उभी राहायची. गायची मात्र नाहीत. त्यांच्या थोरल्या बहिणी याच शाळेत शिकून गेल्या होत्या, त्याही अशाच उभ्या राहायच्या. म्हणजे ही काही एका सकाळची गोष्ट नव्हती, कित्येक वर्षं असंच चालू होतं आणि त्यावरून कुणाचंही काही अडलं नव्हतं.

निकालपत्राची सुरुवात मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवतो, कारण ती कोर्टाच्या भाषेत नाही, गोष्ट सांगावी तशी आहे. कुणाला त्याचं काही वाटलं नाही, कुणी काळजी केली नाही, कुणाला त्यात अनादर दिसला नाही. मुलं आपल्या श्रद्धेसह सुखाने राहत होती, असं न्यायमूर्ती लिहितात. मग जुलै १९८५ मध्ये एका 'देशभक्त सद्गृहस्थां'च्या हे लक्षात आलं. हे सद्गृहस्थ आमदार होते. म्हणून त्यांनी विधानसभेत प्रश्न विचारला.

यातल्या 'म्हणून'वर वर्गात हमखास हशा पिकतो. आमदाराला दिसलं म्हणजे प्रश्न होणार, प्रश्न झाला म्हणजे चौकशी होणार, चौकशी झाली म्हणजे शाळेचा फोन वाजणार. ही साखळी केरळची असली तरी समोर बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. चौकशीसाठी आयोग नेमला गेला. मुलं कायदा पाळणारी आहेत, राष्ट्रगीताचा अनादर त्यांनी केलेला नाही, असं आयोगाने कळवल्याचं सर्वोच्च न्यायालयाला सांगण्यात आलं.

एवढ्यावर फाईल बंद व्हायला हरकत नव्हती. तरीही शाळा उपनिरीक्षकांच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकांनी २६ जुलै १९८५ पासून तिन्ही मुलांना शाळेतून काढून टाकलं. वडिलांनी अर्ज केले: सरकारचा अंतिम निर्णय होईपर्यंत तरी मुलांना वर्गात बसू द्या. मुख्याध्यापिकांनी असमर्थता कळवली.

असमर्थता. प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ या शब्दावर जातो, तेव्हा त्याच्याकडे शेवटी येतो.

एसटी आली तरी उभे राहतो

आमदारांची टिंगल सोपी आहे आणि निकालपत्रातही तिची एक हलकी छटा आहे. मला ती पुरेशी वाटत नाही. हे प्रकरण ऐकवल्यावर वर्गातले निदान चार-पाच जण खरोखर दुखावतात, आणि त्यांचं दुखणं नाटकी नसतं. सातारा जिल्ह्यातल्या एका सरांचा मुलगा सैन्यात होता. ते शांतपणे म्हणाले, "नुसतं उभं राहण्याला तुम्ही आदर म्हणता सर. उभं तर आपण एसटी आली तरी राहतो."

या वाक्याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही.

कारण गाण्यात काहीतरी घडतं हे खरंच आहे. २६ जानेवारीची सकाळ, इस्त्रीच्या कडक घड्या, थंडीने लाल झालेली नाकं, झेंड्यातून पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या. 'एक साथ राष्ट्रगीत शुरू कर' हा हुकूम मराठी शाळेत हिंदीतूनच का सुटतो हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही, पण तो सुटला की पोटात काहीतरी हलतं. आपल्या एकट्याच्या घशातून निघालेला आवाज तीनशे आवाजांत मिसळतो आणि आपला कुठला ते ओळखू येत नाही. ज्यांना हे अनुभवाने ठाऊक आहे त्यांना शेजारी बंद ओठांनी उभा असलेला माणूस टोचतो. तो काही करत नाही, तरी टोचतो. पंगतीत सगळे जेवायला बसलेत आणि एकजण हात धुऊन नुसता बसून राहिलाय, तसं काहीसं. त्याने अन्नाला नावं ठेवलेली नसतात. तरी यजमानाचा घास घशात अडकतो.

आता हीच भावना उलट्या बाजूने बघा. त्या तीन मुलांनाही ते सूर रोज ऐकू येत होते. पाचवीतल्या मुलीला आजूबाजूच्या सगळ्या मैत्रिणी गात असताना गप्प राहणं सोपं गेलं असेल का? मुलं कळपात राहू बघतात. सगळ्यांसारखं करणं हा त्यांचा सोपा मार्ग असतो. ओठ नुसते हलवले असते तरी कुणाला कळलं नसतं. वर्गात मी विचारतो, तुमच्यापैकी किती जणांनी कधी ना कधी नुसते ओठ हलवलेत? आधी दोन हात वर होतात, मग इकडेतिकडे बघत बरेच. सर्दी होती, ओळ आठवेना, लक्ष नव्हतं, कंटाळा आला होता. या ओठ हलवणाऱ्यांवर कुणीही कधी चौकशी आयोग नेमला नाही. प्रामाणिकपणे गप्प राहिलेली मुलं घरी गेली आणि खोटे ओठ हलवणारे आपण सगळे उत्तीर्ण झालो.

हायकोर्टाने शब्द तपासले

वडील केरळ उच्च न्यायालयात गेले. आधी एका न्यायमूर्तींनी आणि मग खंडपीठानेही त्यांची मागणी नाकारली. खंडपीठाने राष्ट्रगीत शब्द न् शब्द तपासलं आणि म्हटलं की कुणाच्याही धर्मभावना दुखावतील असा एकही शब्द किंवा विचार यात नाही.

तपासणी बरोबर होती, पण दुखणं तिथे नव्हतंच. मुलांची तक्रार शब्दांबद्दल कधीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने पुढे नेमकं हेच बोट ठेवलं: या पंथाचे लोक भारतात जन गण मन गात नाहीत, तसे ब्रिटनमध्ये तिथलं राजगीत गात नाहीत आणि अमेरिकेत तिथलं राष्ट्रगीत गात नाहीत. मजकुराशी त्यांचं भांडण नाही, गाण्याच्या कृतीशी आहे.

या मुद्द्यावर मी वर्गात एक छोटा प्रयोग करतो. 'उच्छल जलधितरंग' याचा अर्थ लिहा. रोज म्हणणारे आणि म्हणवून घेणारे शिक्षक पेन तोंडात धरून बसतात. उसळणाऱ्या समुद्राच्या लाटा, असं शेवटी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं. 'उत्कल' म्हणजे ओडिशा हे निम्म्यांना माहीत असतं. पोरांच्या तोंडी तर 'द्राविड उच्छल बंग' असा पाठ इतका सर्रास ऐकू येतो, की ओडिशाच्या जागी लाटा आल्या तरी मैदानावर कुणी दचकत नाही. रवींद्रनाथांची ती संस्कृतप्रचुर बंगाली. १९११ च्या डिसेंबरात काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात ती पहिल्यांदा गायली गेली आणि २४ जानेवारी १९५० ला संविधान सभेत राष्ट्रगीत म्हणून स्वीकारली गेली. ती कळते म्हणून आपला ऊर भरून येत नाही. चाल, जागा, शेजारी उभी असलेली माणसं, लहानपण, एखादा सामना, एखादी अंत्ययात्रा, या सगळ्यांनी तो भरतो. भावना अर्थातून आलेलीच नसेल तर शब्दार्थ तपासून ती योग्य की अयोग्य हे कसं ठरणार? हायकोर्ट वाटेत चुकलं ते इथे, असं माझं मत आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत तेच राहील.

११ ऑगस्ट १९८६

सर्वोच्च न्यायालयात हे अपील न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांच्यासमोर चाललं. 'बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य' या नावाने कायद्याच्या पुस्तकांत ते सापडतं. निकाल ११ ऑगस्ट १९८६ चा. स्वातंत्र्यदिनाच्या चार दिवस आधीचा, म्हणजे शाळाशाळांत कवायतीच्या तालमी चालू असतानाचा.

शिक्षकांनी आधी लक्षात घ्यावा तो मुद्दा सगळ्यात रुक्ष आहे. सरकारच्या हातात कायदा कुठला होता? केरळच्या शिक्षण संचालकांची दोन परिपत्रकं, एक सप्टेंबर १९६१ चं आणि दुसरं फेब्रुवारी १९७० चं. सगळ्या शाळेने राष्ट्रगीतात भाग घ्यावा, परिपाठ रोज व्हावा, त्यानंतर एका आवाजात प्रतिज्ञा म्हणावी, असं त्यांत होतं. न्यायालय म्हणालं, परिपत्रक हा कायदा नव्हे. संविधानाच्या कलम १९(१)(क) मधल्या अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर बंधन घालायचं तर त्याला विधिमंडळाने केलेला कायदा लागतो, खात्याच्या कागदाने ते होत नाही. आणि गायलंच पाहिजे असं सांगणारा कायदा देशात नाही. केंद्रीय गृहखात्याच्या सूचनासुद्धा शाळेचा दिवस समूहगायनाने सुरू करता येईल एवढंच म्हणतात. 'एवढंच' हा शब्द माझा.

वर्गातल्या मुख्याध्यापकांना हे ऐकून घाम फुटतो. त्यांचं निम्मं आयुष्य परिपत्रकांवर चालतं.

दुसरा मुद्दा कलम २५ चा, सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा. न्यायालयाची भूमिका अशी, की एखादी श्रद्धा आम्हाला पटते का, ती तर्काला धरून आहे का, हे आम्ही बघणार नाही. ती मनापासून आणि प्रामाणिकपणे धरलेली आहे का, एवढं बघू. ती तशी असेल तर तिला संरक्षण आहे. मग निकालातलं कळीचं वाक्य येतं: राष्ट्रगीत चालू असताना उभं राहिलं की योग्य तो आदर दाखवला जातो, गाण्यात सामील झाला नाही म्हणून अनादर झाला असं म्हणणं बरोबर नाही. आदेश साधा होता. मुलांना शाळेत परत घ्या, अडथळा न आणता शिकू द्या, लागेल ती सोय करून द्या.

श्रद्धेच्या मुद्द्यावर निकालपत्र एक जुना आधार घेतं आणि तिथे मराठी वाचकाने थांबायलाच हवं. मुंबई हायकोर्टातला पारशी समाजाचा खटला. मृतांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मुक्तादच्या विधींसाठी ठेवलेली देणगी वैध की अवैध, असा वाद. न्यायमूर्तींनी म्हटलं होतं: समाजाची ही श्रद्धा असेल तर न्यायाधीशाने ती मानली पाहिजे, तिच्यावर निवाडा करत बसणं हे त्याचं काम नाही. हे न्यायमूर्ती म्हणजे दिनशा दावर. होय, तेच. १९०८ साली टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावणारे, ज्यांच्या कोर्टातले टिळकांचे उद्गार आज त्याच इमारतीत संगमरवरात कोरलेले आहेत. टिळकांच्या लेखांवर निवाडा करताना ज्यांनी हात आखडता घेतला नाही, त्यांचं पारशांच्या श्रद्धेबद्दलचं वाक्य ऐंशीएक वर्षांनी केरळातल्या तीन शाळकरी मुलांच्या कामी आलं. इतिहासाला विनोदबुद्धी असते असं मी म्हणणार नाही, पण हे सांगितल्यावर झोपलेला वर्ग जागा होतो एवढं खरं.

निकालाच्या अखेरीस न्यायमूर्ती एक वाक्य जोडतात: आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान सहिष्णुतेचा उपदेश करतं, आपलं संविधान ती आचरणात आणतं; तिच्यात पाणी घालू नका. हे वाक्य भाषणांतून इतकं फिरलं आहे की त्याची धार थोडी बोथट झाली. मला त्यापेक्षा सुरुवातीचं 'कुणाला त्याचं काही वाटलं नाही' जास्त मोलाचं वाटतं. जी सहिष्णुता शेवटच्या ओळीत मागितली आहे, ती जुलै १९८५ पर्यंत त्या शाळेत रोज सकाळी, कुणीही उपदेश न करता चालूच होती.

अमेरिकेतली भावंडं

निकालपत्रात परदेशातले खटलेही येतात. पेनसिल्व्हेनियात १९३५ साली बारा वर्षांची एक मुलगी आणि तिचा दहा वर्षांचा भाऊ यांनी शाळेत झेंड्याला सलामी द्यायला नकार दिला. पंथ हाच. शाळेने काढलं. १९४० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळेची बाजू घेतली आणि त्यानंतर गावोगावी या पंथाच्या लोकांना जमावांनी मारहाण केली. तीन वर्षांनी, ऐन महायुद्धात, त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी आपलाच निकाल फिरवला. तारीख १४ जून १९४३, अमेरिकेचा ध्वजदिन. पहिल्या खटल्याच्या वेळी मुलांकडून करून घेतली जाणारी सलामी हात पुढे ताठ करून द्यायची होती, नाझींच्या सलामीशी मिळतीजुळती. हे लाजिरवाणं साम्य ध्यानात आल्यावर डिसेंबर १९४२ मध्ये ती बदलून हात छातीवर आणला गेला.

ओठांवरून गुडघ्यांवर

या निकालाने गाणं आणि उभं राहणं यांची फारकत केली. गाणं ज्याच्या त्याच्या मनावर सोडलं, उभं राहणं हे आदराचं माप ठरवलं. त्या तीन मुलांपुरतं ते पुरेसं होतं, कारण ती उभी राहतच होती. पण पुढे सगळी नजर त्या मापावर जाऊन बसली.

चित्रपटगृहातलं राष्ट्रगीत हे त्याचं आपल्याकडचं उदाहरण. १९६२ च्या चीन युद्धानंतर ते खेळ संपल्यावर वाजायचं आणि लोक तोवर चपला शोधत दाराकडे निघालेले असायचे. हळूहळू ती प्रथा मोडली. महाराष्ट्रात २००३ पासून ते खेळाच्या आधी वाजू लागलं. सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१६ ला ते देशभर सक्तीचं केलं: पडद्यावर तिरंगा, प्रेक्षक उभे, दारं बंद. दहाच दिवसांत, ९ डिसेंबरला, दुरुस्ती करावी लागली की अपंग व्यक्तींवर उभं राहण्याची सक्ती नाही आणि दाराला कडी घालणं अपेक्षित नाही. ९ जानेवारी २०१८ ला सक्तीच उठली: वाजवायचं की नाही ते चित्रपटगृहाने ठरवावं, वाजलं तर मात्र प्रेक्षकांनी उभं राहावं.

सक्ती येण्याच्या महिनाभर आधी गोव्यात एका चित्रपटगृहात, पाठीच्या कण्याच्या दुखापतीमुळे चाकाच्या खुर्चीवर असणाऱ्या एका गृहस्थांना मागच्या प्रेक्षकांनी मारहाण केली होती. कारण ते उभे राहिले नाहीत. मारणाऱ्यांपैकी त्या बावन्न सेकंदांत गात किती जण होते, हे कुणी विचारलं नाही. मल्टिप्लेक्समध्ये मी बघतो: जवळजवळ कुणीच गात नाही. एका हातात पॉपकॉर्न सांभाळत लोक उभे असतात, ध्वनिमुद्रित आवाज आपल्या वतीने गातो आणि डोळे आजूबाजूच्या खुर्च्यांवर फिरत असतात. किडंगूरच्या मैदानावर निदान बाकीची मुलं स्वतः गात होती.

हे प्रकरण धर्माच्या आधारावर जिंकलं गेलं, ही त्याची मर्यादाही आहे. उद्या एखादा नास्तिक विद्यार्थी म्हणाला, मला धर्मबिर्म नाही, पण सक्तीने गाणार नाही, तर? अभिव्यक्तीच्या कलमाचा भंग झाला असंही न्यायालयाने म्हटलेलं असल्यामुळे वाट पूर्ण बंद नाही, पण निकालाचं बळ श्रद्धेच्या बाजूला आहे. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एक घटना नाशिकची. एका शिक्षकाने परिपाठाच्या प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला. शाळेने ती बेशिस्त धरली, वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: हात जोडायची सक्ती हा मूलभूत हक्काचा भंग आहे. प्रार्थना आणि राष्ट्रगीत एक नव्हे, हे मान्य. पण बेशिस्त कशाला म्हणायचं याची दोन्ही शाळांची व्याख्या एकच होती: बाकीचे करतात ते न करणं.

असमर्थता

आता त्या मुख्याध्यापिकांकडे येऊ. निकालपत्रात त्यांच्या वाट्याला दोन वाक्यं आली आहेत. उपनिरीक्षकांच्या सूचनेवरून काढलं, आणि असमर्थता कळवली. मला त्या खलनायिका वाटत नाहीत. ही मुलं रोज त्यांच्या मैदानावर उभी होती, त्यांच्या बहिणी तिथेच उभ्या राहून गेल्या होत्या. तोंडं मिटलेली शाळेला दिसत नसतील असं मी मानायला तयार नाही. दिसत होती आणि सोडून दिली जात होती. चांगल्या शाळेत शंभर गोष्टी अशा सोडून दिलेल्या असतात. मग बाहेरच्या माणसाने बघितलं, विधानसभेत त्याचा आवाज झाला, आणि ज्याकडे काणाडोळा करता येत होता त्याबद्दल सही करायची वेळ आली.

२६ जुलै १९८५ ते ११ ऑगस्ट १९८६. एक वर्ष आणि सोळा दिवस. थोरला दहावीत होता. "म्हणजे सर, त्याचं बोर्डाचं वर्ष?" हे कुणी ना कुणी दर वेळी विचारतं. निकालाने प्रवेश परत दिला, मधल्या दिवसांचं काही करता येण्यासारखं नव्हतं.

तासाच्या शेवटी मी कोरे कागद वाटतो. तुम्ही त्या शाळेचे मुख्याध्यापक आहात. आत्ताच वरून फोन आला: 'ती तीन मुलं उद्यापासून शाळेत दिसता कामा नयेत.' लेखी आदेश नाही. पाच ओळींत उत्तर लिहा.

बहुतेक जण लेखी आदेश मागतात. नोकरीत मुरलेल्या माणसाची ती पहिली चाल, आणि वाईट नाही. काही जण पालकांची सभा बोलावतात. एका बाईंनी लिहिलं, "विद्यार्थी राष्ट्रगीताच्या वेळी शिस्तीत उभे असतात. अहवाल माहितीस्तव सादर." खाली सही, तारीख आणि जावक क्रमांकासाठी मोकळी जागा. एसटीवाल्या सरांनी चार ओळी खोडून पाचवी ठेवली होती: "मुलांना काढत नाही. मी स्वतः त्यांच्या शेजारी उभा राहून मोठ्याने गाईन."

आणि मागच्या बाकावरच्या एका केंद्रप्रमुखांनी कागद कोराच परत दिला. का, असं विचारलं तर म्हणाले, "फोन आल्याचं मला आठवत नाही, असं लिहिणार होतो. पण ते लिहिलं की आठवतंय असं सिद्ध होतं."